माजी विद्यार्थ्यांची देणगी: नोंदणी, पावती आणि १०बीई प्रमाणपत्रापर्यंतची कार्यालयीन कामे

गणपतीत किंवा मे महिन्यात चाकरमानी गावी आले की कॉलेजच्या ऑफिसात हमखास विचारणा होते: "आईच्या नावाने बक्षीस ठेवायचं आहे, काय करावं लागेल?" विचारणाऱ्याच्या हातात चेक तयार असतो आणि दोन दिवसांनी त्याला मुंबईला परतायचे असते. त्या अर्ध्या तासात माजी विद्यार्थी कक्षातल्या लिपिकाने काय विचारले, काय लिहून घेतले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. देणगीचे कागद ती आली त्याच दिवशी पुरे करायचे. मे महिन्यात आयकर खात्याकडे देणग्यांचे विवरणपत्र भरताना अडणारी बहुतेक प्रकरणे त्या दिवशी न विचारलेल्या एखाद्या प्रश्नाची असतात.

पैसे घेण्याचा अधिकार कोणाचा

दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ ही स्वतंत्र विद्यापीठे आहेत. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधली कला-वाणिज्य-विज्ञानाची बहुतेक महाविद्यालये मात्र मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि एखादी शिक्षणसंस्था ती चालवते. अशा ठिकाणी तीन नावे एकमेकांत मिसळतात: संस्था, महाविद्यालय आणि माजी विद्यार्थी संघ. ८०जी ची मान्यता, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी मान्यता, पॅनवर मिळते आणि तो पॅन बहुधा संस्थेचा असतो.

नियम सोपा आहे. ज्याच्या नावावर ८०जी, त्याच्याच खात्यात पैसे आणि त्याचीच पावती. कॉलेजच्या फीच्या खात्यात रक्कम आली आणि पावती संघाच्या पुस्तकातली फाडली, तर देणगीदाराला वजावट देता येत नाही. ही चूक फार वेळा होते, कारण तिन्ही पावतीपुस्तके एकाच टेबलाच्या खणात असतात. चेक कोणाच्या नावे काढायचा, हे संपूर्ण अधिकृत नावासह छापलेला कागद काउंटरवर लावून ठेवावा.

संघाची नोंदणी

संघ स्वतंत्र ठेवायचा असेल तर सोसायटी नोंदणी कायदा १८६० खाली किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात त्याच संघाची महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० खालीही नोंद होते, म्हणून दोन क्रमांक मिळतात. 'महाराष्ट्र/…' असा सोसायटीचा आणि 'एफ' ने सुरू होणारा न्यासाचा. अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर भरून कागद जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात द्यायचे.

लागणारी कागदपत्रे: विधानपत्र व नियमावली, स्थापना सभेचा ठराव, कार्यकारिणीची यादी, प्रत्येकाचे संमतिपत्र व ओळखपत्र, प्रतिज्ञापत्र आणि कार्यालयाच्या जागेचा पुरावा. जागा कॉलेजमधली असेल तर संस्थेचे ना-हरकत पत्र व वीजबिल जोडावे. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा ठराव नसताना प्राचार्यांच्या सहीवर दिलेले पत्र पुढे वादाचे होऊ शकते.

नियमावली दुसऱ्या कॉलेजची आणून नाव बदलून देऊ नका. उद्देश 'सभासदांचे स्नेहसंमेलन व कल्याण' एवढाच लिहिला तर संघ फक्त सभासदांच्या फायद्याचा ठरतो आणि पुढे आयकर खाते ८०जी ला हरकत घेते. शिष्यवृत्ती, ग्रंथालय, प्रयोगशाळा, गरजू विद्यार्थ्यांना मदत हे उद्देश स्पष्ट हवेत. संघ बंद पडल्यास मालमत्ता सभासदांत न वाटता समान उद्देशाच्या संस्थेकडे जाईल, हे कलमही हवे. सभासदत्वाच्या व्याख्येत पदवीधरांबरोबर शिक्षण अर्धवट सोडून गेलेल्यांनाही घ्यावे. बारावीनंतर नोकरीसाठी मुंबई गाठलेली कितीतरी माणसे कॉलेजला आपले मानतात, त्यांना दारातून परत पाठवणे बरे नव्हे.

कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायचा. तो वर्षानुवर्षे राहून गेला तर धर्मादायच्या दप्तरी जुनीच नावे राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि आयकराच्या अर्जात विश्वस्तांची यादी जुळत नाही.

१२एबी आणि ८०जी

इथून पुढे दिलेले आयकराच्या कलमांचे व फॉर्मचे क्रमांक आयकर कायदा १९६१ मधले आहेत, कार्यालयांत तेच रूढ आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने क्रमांक बदलतात. पोर्टलवर ज्या वर्षाची देणगी, त्या वर्षासाठी दाखवला जाणारा फॉर्म निवडावा.

१२एबी म्हणजे संघाच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत देणारी नोंदणी. ती आणि ८०जी, दोन्हींसाठी नव्या संघाला फॉर्म १०ए वर तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, नियमित नोंदणीसाठी १०एबी. मुदत संपण्याच्या किमान सहा महिने आधी किंवा काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, यातली जी तारीख आधी येईल तोपर्यंत १०एबी भरायचा असतो. बरेच संघ 'तीन वर्षे आहेत ना' म्हणून थांबतात आणि दुसरी अट चुकवतात. सोबत नोंदणीची दोन्ही प्रमाणपत्रे, नियमावली, पॅन, तपासलेले हिशेब आणि कामाचा अहवाल लागतो. अहवालात फोटोंपेक्षा खर्चाच्या नोंदी महत्त्वाच्या: किती विद्यार्थ्यांना, कशासाठी, किती रक्कम.

जातीचा किंवा धर्माचा प्रश्न इथेच येतो. 'आमच्याच ज्ञातीच्या मुलांना शिष्यवृत्ती' अशी अट कोकणातले देणगीदार मनापासून घालतात. पण एखाद्या विशिष्ट धर्म वा जातीच्या फायद्यासाठी असलेल्या संस्थेला ८०जी मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला व मुले यांच्यासाठीच्या संस्थांना ही आडकाठी नाही. देणगीदाराला आदराने दुसरा मार्ग सुचवावा: आपल्या गावातल्या, एसटीने येणाऱ्या किंवा वडील नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी. या अटींत त्याची भावनाही राहते आणि मान्यताही टिकते.

देणगीच्या दिवशी

एक पानी देणगी फॉर्म ठेवा. पॅनवर आहे तसेच नाव, पॅन, पत्ता, मोबाइल, ईमेल, उत्तीर्ण वर्ष व शाखा, रक्कम, कशाने दिली, कशासाठी दिली आणि सही. माहिती साठवून संपर्कासाठी वापरण्यास संमतीची एक ओळही असू द्या.

नावावर सगळ्यात जास्त घोटाळा होतो. कॉलेजच्या जनरल रजिस्टरमध्ये (प्रवेशाच्या नोंदवहीत) मुलीचे माहेरचे नाव असते, पॅनवर सासरचे, कधी उलट. 'Sawant' आणि 'Savant' या दोन्ही स्पेलिंगांत मराठीत 'सावंत' एकच, पण पोर्टलसाठी दोन माणसे. पावतीवर व विवरणपत्रात पॅनवरचे नाव घ्या, रजिस्टरमधले नाव स्वतंत्र रकान्यात ठेवा. पॅनमधले चौथे अक्षर व्यक्तीसाठी 'पी', कंपनीसाठी 'सी', हिंदू अविभक्त कुटुंबासाठी 'एच' असते. दुकानाच्या खात्यातून आलेल्या पैशावर मालकाचा वैयक्तिक पॅन लिहिला जातो तेव्हा हे तपासणे कामी येते. पॅनचा फोटो व्हॉट्सअॅपवर मागवून त्यावरून टाइप करावा. फोनवर ऐकून घेतलेल्या पॅनमध्ये 'बी' आणि 'डी' हमखास बदलतात.

रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर देणगीदाराला त्या रकमेची वजावट मिळत नाही. घ्यायला बंदी नाही, पण हे आधी सांगणे आपले कर्तव्य आहे. एका व्यक्तीकडून एका दिवसात किंवा एकाच प्रसंगी दोन लाख वा अधिक रोख घेणे कलम २६९एसटी खाली निषिद्ध आहे. वस्तुरूपात दिलेल्या देणगीवर, म्हणजे संगणक, पुस्तके, पंखे यांवर, वजावट नाही. त्यांना आभारपत्र द्यावे आणि नोंद जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत घ्यावी. नव्या करप्रणालीत असलेल्या देणगीदाराला ८०जी चा फायदा नसतो, तरी पावती आणि नोंद तशीच हवी.

स्नेहमेळाव्यातली पेटी जपून. देणाऱ्याचे नाव-पत्ता नसलेली रक्कम निनावी देणगी ठरते. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये, यातली जी मोठी, तिच्या वरच्या निनावी रकमेवर ३० टक्के कर लागतो. पेटीऐवजी टेबलावर दोन माणसे पावतीपुस्तक घेऊन बसवावीत.

बॅचची वर्गणी हा वेगळा प्रकार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर चाळीस जण एका मित्राला यूपीआयने पैसे पाठवतात आणि तो एकरकमी संस्थेत भरतो. बँकेत नाव त्याचे एकट्याचे येते आणि नंतर चाळीस जण प्रमाणपत्र मागतात. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरावे, शेऱ्यात बॅचचे वर्ष लिहावे, हे ग्रुपवर पहिल्याच दिवशी कळवा. क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा, कोणा शिक्षकाच्या फोनचा कधीच नाही.

कायम निधी आणि स्मरणार्थ बक्षिसे

मूळ रक्कम न मोडता व्याजातून बक्षीस द्यायचे असेल तर देणगीदाराचे लेखी पत्र हवे: 'ही रक्कम कायम निधीत जमा करावी'. पत्राशिवाय ती साध्या देणगीत धरली जाते आणि नंतर मागच्या तारखेचे पत्र जोडणे हा उपाय नव्हे. व्याजाचे गणित समोर मांडा. २५,००० रुपयांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १,६२५ रुपये मिळतात. ५,००० रुपयांचे बक्षीस हवे असेल तर याच दराने सुमारे ७७,००० लागतील. दर उतरला तर बक्षीस कमी करायचे, एक वर्ष आड द्यायचे की व्याज साठवायचे, हे पत्रातच लिहून घ्या. बक्षिसाची अट मोजता येईल अशी असावी. 'होतकरू विद्यार्थी' यावर दरवर्षी वाद होतो, 'तृतीय वर्ष रसायनशास्त्रात सर्वाधिक गुण' यावर होत नाही.

परदेशातला माजी विद्यार्थी

रत्नागिरी, खेड, चिपळूण, दापोली भागातून आखातात गेलेल्यांकडे बहुधा भारतीय पासपोर्टच असतो. भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली देणगी परकीय अंशदान (परदेशी देणगी) ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला हवी. पण अमेरिका-इंग्लंडचे नागरिकत्व घेतलेला, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचे कार्ड) असलेला माणूस परकीय स्रोत ठरतो. त्याने गावी येऊन रुपयांत दिले तरीही. एफसीआरए (परकीय अंशदान नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याचे पैसे घेऊ नयेत. नोंदणी असली तरी रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. म्हणून देणगी फॉर्मवर 'नागरिकत्व' हा रकाना सक्तीचा ठेवा आणि तो भरल्याशिवाय खाते क्रमांक देऊ नका.

१०बीडी आणि १०बीई

आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी, म्हणजे वर्षभरातल्या देणग्यांचे विवरणपत्र, भरून देणगीदारांना १०बीई, म्हणजे त्यांच्या वजावटीसाठीचे देणगीचे प्रमाणपत्र, द्यायचे. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, वर १०,००० ते १,००,००० पर्यंत दंड होऊ शकतो. देणगीदाराला याहून मोठा फटका बसतो, कारण त्याची वजावट याच नोंदीवर तपासली जाते. हातची पावती आता पुरेशी नाही.

पोर्टलवरून साचा उतरवून घेऊन त्यात ओळखपत्राचा प्रकार व क्रमांक, मान्यतेच्या आदेशावरचा यूआरएन (नोंदणी क्रमांक) व त्याची तारीख, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार, माध्यम आणि रक्कम भरायची. पॅन नसेल तर आधार, तेही नसेल तर पासपोर्टसारखे इतर ओळखपत्र चालते. एकाच व्यक्तीने काही रोख, काही ऑनलाइन दिले असेल तर दोन ओळी. एक्सेल तारखा आपल्या मनाने फिरवते आणि आधार क्रमांक 'E+11' अशा रूपात दाखवते, म्हणून रकाने आधी 'टेक्स्ट' करून ठेवा.

भरण्यापूर्वी तीन बेरजा जुळवा: पावत्यांच्या स्थळप्रती, बँक पासबुक आणि साचा. फरक बहुधा मार्चअखेरच्या चेकचा असतो. २० मार्चनंतर आलेला चेक त्याच दिवशी बँकेत भरावा.

आता कोकणातली खरी अडचण. अनेक संस्थांचे अध्यक्ष किंवा कार्यवाह मुंबईत राहतात. डिजिटल सही त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्या मोबाइलवर. इकडे मेअखेरीला वळीव सुरू होतो, वीज जाते, रेंज जाते. विवरणपत्र १५ मेच्या आत पुरे करायचे, असे वेळापत्रक एप्रिलच्या सभेत ठरावाने ठरवा आणि डिजिटल सहीची मुदत मार्चमध्येच तपासा. विवरणपत्र दाखल झाल्यावर साधारण २४ तासांनी १०बीई उतरवून घेता येते. चूक निघाली तर दुरुस्तीचे विवरणपत्र भरता येते, पण देणगीदाराने स्वतःचे रिटर्न भरण्यापूर्वी नवे प्रमाणपत्र त्याच्या हाती गेले पाहिजे.

हिशेबाची कागदपत्रे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे ठेवावी लागतात. इथल्या पावसाळ्यात कार्बनच्या स्थळप्रती एकमेकांना चिकटतात आणि जुन्या रजिस्टरांना बुरशी लागते. प्रत्येक पुस्तक संपले की स्कॅन करून घ्या. मूळ प्रती भिंतीपासून दूर ठेवलेल्या लोखंडी कपाटात, जमिनीला टेकलेल्या सर्वात खालच्या खणाऐवजी वरच्या खणात ठेवा आणि जूनपूर्वी एकदा कोरड्या उन्हात कपाट रिकामे करून पाहा.