योनीच्या कोरडेपणाला उशिरा मिळालेलं नाव

पाळी गेल्यावर संबंधांच्या वेळी दुखतं, ही तक्रार जुनीच. तरी २०१४ पर्यंत तिला वैद्यकात 'योनीशोष' असंच म्हणत. ते नाव ऐकूनच बाई गप्प बसावी, असं. त्यात लघवीची जळजळ आणि वारंवार होणारा मूत्रसंसर्गही येत नव्हता. त्या वर्षी तज्ज्ञ संघटनांनी या सगळ्याला मिळून रजोनिवृत्तीचा जनन-मूत्रमार्गी लक्षणसमूह म्हटलं.

मूळ इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाच्या घटीत आहे. योनीचं अस्तर पातळ होतं, त्यातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) कमी होतं, त्यावर जगणारे लॅक्टोबॅसिलस जीवाणू घटतात आणि आम्लता घटते, म्हणजे पीएच ४.५ च्या वर सरकतो. बारीक चिरा पडतात. पुढच्या वेळी दुखेल या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळतात आणि दुखणं आणखी वाढतं. इच्छा मरते ती अनेकदा इथे. अंगातून येणाऱ्या वाफा पुढे ओसरतात, हा त्रास उपचाराशिवाय सहसा वाढतच जातो.

उपाय मात्र भीतीत अडकला. घोडीच्या लघवीतून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत १९४२ मध्ये मान्यता मिळाली. १९७५ मध्ये नुसत्या इस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसला, म्हणून प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची जोड आली. २००२ मध्ये या दोन्हींच्या एकत्र गोळीची १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी थांबवली गेली: स्तनाचा कर्करोग वर्षाला दर १०,००० स्त्रियांमागे नकली गोळी घेणाऱ्यांत ३०, तर खरी घेणाऱ्यांत ३८ जणींना होत होता. सहभागींचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे बातम्यांत हरवलं. पोटात घ्यायच्या गोळ्यांवरची धोक्याची ठळक ताकीद योनीत ठेवायच्या इस्ट्रोजेनच्या औषधांवरही छापली गेली. हे अन्यायाचं होतं, कारण योनीत ठेवायच्या १० मायक्रोग्रॅमच्या गोळीने रक्तातली पातळी जवळपास हलत नाही. ती ताकीद काढण्याचं पाऊल अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये उचललं.

ही गोळी दोन आठवडे रोज, नंतर आठवड्यातून दोनदा ठेवतात. पूर्ण गुणाला १२ आठवडेही लागतात. आठवड्यात फरक नाही म्हणून सोडणं ही नेहमीची चूक. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला असेल तर आधी तपासणी. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर कर्करोगतज्ज्ञाला विचारूनच.

योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असोत-नसोत. वंगण फक्त संबंधांच्या वेळी. ग्लिसरीन जास्त असलेलं वंगण अस्तरातलं पाणी ओढून घेतं आणि चुरचुरतं. तेलाने लेटेक्सचा निरोध फाटतो.