बेटावरचे हत्ती उपासमारीने खुरटले नव्हते

इटलीजवळच्या सिसिली बेटावर फार पूर्वी ठेंगणे हत्ती होते, आता ते नामशेष झालेत. "बेटावर चारा कमी, म्हणून हत्ती खुरटले" हे आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडेही वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते चूक आहे, आणि ते का चूक हे केळीच्या बागेतच दिसतं. पाणी तुटलं की उंच जातीची केळीही खुरटते. पण तिचाच कंद चांगल्या रानात लावा, नवं झाड पुन्हा उंच होतं. बसराई या केळीच्या बुटक्या जातीला मात्र कितीही खत-पाणी द्या, ती ठेंगणीच राहते. तो ठेंगणेपणा जातीतलाच.

सिसिली बेटावरचे हत्ती बसराईसारखे. युरोपच्या मुख्य भूमीवरचे त्यांचे पूर्वज खांद्यापाशी जवळपास 4 मीटर उंच. बेटावरचा पूर्ण वाढलेला हत्ती मात्र जेमतेम 1 मीटर, आपल्या गोठ्यातल्या गोऱ्ह्याएवढा! किती नवल आहे हे!

यात कुठलाही एक हत्ती आक्रसला नाही. चाऱ्याचा संबंध आहे, पण वेगळा. कळपात जे जन्मजात थोडे लहान, ते कमी चाऱ्यावर तगले आणि त्यांचीच पिल्लं वाढत गेली. अंगानं मोठं राहून ज्यांना दूर ठेवायचं, ते मोठे शिकारी प्राणी तिथे नव्हतेच. असं पिढ्यानपिढ्या चाललं.