व्होकेशनल कोर्स मुलांना नको का वाटतात?

हायस्कूलच्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, प्लंबिंग असले कोर्स का नको असतात असा विषय निघाला की लोक लगेच म्हणतात, आजकालच्या पोरांना कष्ट नकोत. मला हे पटत नाही. बऱ्याचदा कोर्सचं नाव कानावर पडायच्या आधीच नकार पक्का झालेला असतो.

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये यावर थिअरी मांडली. त्यांच्या मते ६ ते ८ वयाची मुलं 'हे बायकांचं काम, ते पुरुषांचं' अशी वाटणी करून मोकळी होतात, मग ९ ते १३ मध्ये कुठल्या कामाला मान आहे नि कुठल्याला नाही हे कळायला लागतं आणि जे आपल्याला शोभणार नाही असं वाटतं ते काम यादीतून गुपचूप उडतं, आणि मला स्वतःला काय आवडतं हा विचार येतो तो १४ नंतर! तोवर बरेचसे पर्याय कटलेले असतात. (पुढच्या अभ्यासांत यातलं सगळंच टिकलं असं नाही, पण मूळ मुद्दा दमदार आहे.)

आता मान सोडा, माहिती तरी असते का? २०१८ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय शालेय सर्व्हेत ४१ देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांना विचारलं, तिशीत काय काम करत असाल? ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली फक्त दहा-दहा नोकऱ्यांत अडकलेल्या. गंमत म्हणजे मुलग्यांच्या दहांत मोटार मेकॅनिक आहे. मला वाटतं कारण साधं आहे, ते काम रस्त्यावरून जाता-येता दिसतं, सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कापणारं मशीन) चालवणारा कुणाला दिसतो?

नुसतं दिसूनही भागत नाही म्हणा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते 'मला हे जमेल' हा विश्वास सगळ्यात जास्त येतो तो स्वतः करून जमल्यावर, आणि जे जमतं त्यात आवड वाढते. म्हणून भाषणापेक्षा वर्कशॉपमधले चार तास भारी.

पण हेही सगळं एकीकडे. शिक्षणाचे अभ्यासक फिलिप फॉस्टर यांनी १९६५ मध्येच घानाचा अभ्यास करून सांगितलं होतं की शाळेत व्होकेशनल विषय घुसवून मुलांची स्वप्नं बदलत नाहीत, पगार आणि बढती ऑफिसच्या नोकरीत आहे हे मुलांना चांगलं दिसत असतं, त्यांचा हिशोब बरोबरच असतो. उलट स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोन-तृतीयांश मुलं व्होकेशनलला जातात. तिथे अप्रेंटिसला शिकतानाच पगार मिळतो, आणि व्होकेशनल मॅच्युरिटी ही पुढच्या शिक्षणाची पात्रता देणारी परीक्षा पास झालं की पुढे अप्लाइड सायन्सच्या युनिव्हर्सिटीतही जाता येतं.