मोनालिसाची प्रत करताना : तैलरंग शिकणाऱ्या ग्राहकांसाठी

मूळ चित्र ७७ × ५३ सेंटिमीटर आहे. दुकानात तयार मिळणारा १६ × १२ इंची कॅनव्हास घ्या आणि दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच सोडा. उरलेल्या १६ × ११ चे प्रमाण मूळ चित्राशी जवळजवळ जुळते. प्रिंट ८ × ५.५ इंची काढा. त्यावर अर्ध्या इंचाचे चौकोन आखा, कॅनव्हासवर एक इंचाचे, आणि एकेक चौकोन बघून रेखाटन उतरवा. पूर्ण १२ इंच भरायला गेलात तर चेहरा पसरट होतो, मग ओठ कितीही सुधारा, उपयोग नाही.

रंग सहा पुरतात: टायटॅनियम व्हाइट (मोठी ट्यूब), यलो ऑकर, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन ब्ल्यू, अलिझरीन क्रिमसन, व्हिरिडियन. काळा नकोच, अंबर आणि अल्ट्रामरीन मिसळले की हवा तेवढा गडद मिळतो.

पहिला थर फक्त अंबरचा, टर्पेंटाइनने पातळ केलेला. सगळी छायाप्रकाशाची मांडणी यातच उरका. पुढच्या थराला दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचे तेल, शेवटच्याला निम्मे-निम्मे. क्रम उलटला तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा वाळतच असतो आणि चित्र तडकते. रॉकेलने काम भागवू नका.

चेहऱ्याआधी निसर्ग रंगवा. डावीकडचे क्षितिज खाली आहे, उजवीकडचे वर. चूक समजून ते सरळ करू नका. जवळची वाट आणि पूल तपकिरी, मधला भाग हिरवट, शेवटचे डोंगर फिकट निळे. अजिंक्यताऱ्यावरून सह्याद्रीच्या रांगा पाहा, लांबची रांग नेहमी फिकटच दिसते. हे डोंगर गडद झाले की चेहऱ्याच्या पुढे येतात. प्रिंटमधला पिवळेपणा मात्र उचलू नका, तो जुन्या व्हार्निशचा आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील स्वच्छ केलेल्या प्रतीचा फोटो शेजारी ठेवा.

ओठांच्या आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांत रेघ नाहीच. पातळ थर द्या, ओला असताना कोरड्या मऊ ब्रशने कडा हलकेच विरवा आणि थांबा. एकाच बैठकीत घोटत बसलात तर रंग मातकट होतो.

तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पावसाळ्यात जास्त दिवस धरा. चित्र उजेडाच्या खोलीत ठेवा, अंधारात ते पिवळते. व्हार्निश सहा महिन्यांनी.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.