किटण निघतं, दात झिजत नाही

खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवली की अनेकांना खरखरीत कंगोरा लागतो. तेच किटण. जिभेखालच्या लाळग्रंथींची तोंडं तिथेच समोर उघडतात, म्हणून ते तिथे जास्त साचतं. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांवरच्या जिवाणूंच्या चिकट थरात मुरतं आणि थराचा दगड होतो. याची सुरुवात दोन-तीन दिवसांतही होऊ शकते. एकदा दगड झाला की ब्रशने तो निघत नाही.

दंतवैद्य तो काढतात ते बहुतेक वेळा अल्ट्रासॉनिक स्केलरने. 1950च्या दशकात ध्वनिलहरींचं हे तंत्र आधी दात कोरण्यासाठी आजमावलं गेलं, पण त्याचं खरं काम निघालं किटण काढण्याचं. यंत्राची बारीक धातूची टोकं सेकंदाला साधारण 25 ते 30 हजार वेळा थरथरतात. ही थरथर इतकी सूक्ष्म असते की डोळ्यांना टोक स्थिरच वाटतं. पण किटण ठिसूळ असतं, त्याला तडे जातात आणि त्याचे तुकडे पडतात. टोकावर सतत पाणी सोडलेलं असतं. ते टोक थंड ठेवतं, सुटलेले कण धुऊन नेतं, शिवाय त्यात तयार होऊन फुटणारे सूक्ष्म बुडबुडेही थोडा हातभार लावतात.

कसब आहे ते टोक धरण्यात. टोकाची कड दाताला जवळजवळ समांतर, हलकेच टेकवायची असते. अणकुचीदार भाग दाबून धरला, तर दाताला ओरखडे पडू शकतात. म्हणून यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा, असं मला ठामपणे वाटतं.

हिरडीखालचं किटण वेगळं. ते काळपट, जास्त घट्ट आणि मुळाला चिकटलेलं असतं, शिवाय दिसत नाही. तिथे क्युरेट हे हाताने चालवायचं वाकडं, धारदार हत्यार आजही लागतं. दंतवैद्य आधी बारीक सळईने मूळ चाचपतात, खरखर बोटांना जाणवते, मग पातं खाली सरकवून वर ओढतात. गरज असेल तर त्या भागाला बधिर करून हे केलं जातं. पावडरचा फवारा मारून दात चमकवतात त्याने डाग आणि मऊ थर जातो, मुरलेलं किटण मात्र नाही.

‘सफाईनंतर दातांत फटी पडल्या, दात हलू लागले’ ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिच्यामुळे लोक वर्षानुवर्षं सफाई टाळतात. याचं मला फार वाईट वाटतं. फट सफाईने पडत नाही. किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच मागे सरलेलं असतं, ती जागा किटणाने भरलेली असते. ते निघालं की जिभेला पोकळी लागते, उघड्या पडलेल्या मुळाला थंड पाणी काही दिवस झोंबतं. सुजलेली हिरडी एक-दोन आठवड्यांत ओसरते, म्हणून फट आणखी मोठी भासते. त्याच सुमारास ब्रश करताना येणारं रक्तही कमी होऊ लागतं.