मुलीच्या लग्नाचं वय : १२ ते २१ पर्यंतचा प्रवास

मुलींच्या लग्नाचं वय १८ वरून २१ करायचं बिल डिसेंबर २०२१ मधे लोकसभेत आलं, तिथून स्टँडिंग कमिटीकडे गेलं आणि २०२४ ला ती लोकसभाच बरखास्त झाल्यावर बिलही गेलं. तेव्हा आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारातही "सरकारने लोकांच्या घरात कशाला शिरावं" असं ऐकू यायचं, आणि बडोदेकरांनी हे म्हणावं म्हणजे कमालच, कारण ती सवय आपल्याच सयाजीराव महाराजांनी लावलीये.

सयाजीरावांनी १९०४ मधे बालविवाहाविरुद्ध कायदा केला, मुलगी १२, मुलगा १६. आज आकडा ऐकून अंगावर काटा येतो, पण तेव्हा ब्रिटिश मुलखात हिंदूंच्या लग्नाला वयाची अटच नव्हती, १८९१ चा संमतीवयाचा कायदा होता तो शरीरसंबंधाचा, त्यात १० चं १२ केलं तर त्यावरून पुण्यात केवढं रण पेटलं. म्हैसूरने आपल्या आधी, १८९४ मधेच कायदा केलेला, पण तिथे मुलीची मर्यादा फक्त ८. बडोद्यात भर दंडावर होता, मग काय, मांडव, आचारी, वाजंत्री आणि दंड असा लग्नाचा हिशोब लोकांनी बसवून टाकला.

पुढे १९२७ ला अजमेरच्या हरबिलास सारडांनी बालविवाह रोखायचं बिल मांडलं. त्याच जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली, अध्यक्ष आपल्या महाराणी चिमणाबाई, आणि ह्या बायकांनी पुढे ते बिल चांगलंच लावून धरलं. १९२९ ला पास झालं, मुलगी १४, मुलगा १८, पण लागू १ एप्रिल १९३० पासून, म्हणजे मधे सहा महिने मोकळे, त्यात लोकांनी धडाधड पोरांची लग्नं उरकून घेतली. शिवाय तक्रार करणाऱ्याकडूनच १०० रुपयांपर्यंतचा जामीन मागायची सोय कायद्यात होती, कोण जाणार कोर्टात! आणि एकदा लागलेलं लग्न कायम.

१९४९ ला मुलीचं वय १५ झालं, १९७८ ला १८. खरा फरक माझ्या मते २००६ च्या कायद्याने पडला, लहानपणी लग्न लावलेल्याला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांत ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. २०२१ च्या बिलात ही मुदत पाच वर्षांची होणार होती, तेवीसपर्यंत. भांडण सगळं २१ च्या आकड्यावर झालं, ह्या कलमाकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही, आणि बिलाबरोबर तेही बुडालं.