नागपुरातील परसातल्या कोंबड्या: नियम कुठून आले, अडचण कुठे येते

नागपुरात घराच्या मागे चार-सहा कोंबड्या पाळता येतात का? 'हो' किंवा 'नाही' असे थेट उत्तर कुठल्याच एका कायद्यात सापडत नाही. घरगुती कोंबड्या किती असाव्यात, हे महापालिकेच्या कायद्यात मोजून दिलेले नाही. कायदा घाण, भूखंड, आवाज आणि रोग या वाटांनी खुराड्यापर्यंत पोचला, आणि यातली प्रत्येक वाट वेगळ्या काळात पडली.

नागपूर नगरपालिका १८६४ ची. शहर तेव्हा मध्य प्रांतात होते, त्यामुळे मुंबई-पुण्याचे नियम तेव्हा इथे लागू नव्हते. आधी मध्य प्रांताचा १९२२ चा नगरपालिका कायदा होता, मग नागपूरसाठी स्वतंत्र असा १९४८ चा महानगरपालिका कायदा झाला. १९५१ मध्ये महापालिका आली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा वेगळा कायदा तसाच चालत राहिला. २०१२ मध्ये तो रद्द होऊन मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांचा १९४९ चा कायदा नागपूरला लागू झाला. आज त्यालाच महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. या सगळ्या कायद्यांचा जीव आरोग्य आणि सफाईत आहे. धंद्यासाठी जनावरे ठेवायची तर परवाना, आणि कुठल्याही जनावराचा शेजाऱ्याला उपद्रव होता कामा नये, हा त्यांचा गाभा. म्हणून घरच्या अंड्यांपुरत्या कोंबड्यांना सहसा कोणी विचारत नाही. त्याच अंड्यांची पाटी लावून विक्री सुरू झाली की प्रश्न परवान्याचा होतो.

दुसरी वाट भूखंडाची. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली आणि शहराचा मोठा भाग तिच्या लेआऊटवर वसला. लीजवरच्या भूखंडाच्या करारात वापर 'निवासी' लिहिलेला असतो, तो आधी वाचावा. इमारतीभोवती सोडलेल्या जागेत विटा-सिमेंटचे पक्के खुराडे बांधले, तर तक्रार कोंबड्यांची राहत नाही, अनधिकृत बांधकामाची होते, आणि ती निस्तरणे जास्त कठीण. अँगलच्या सांगाड्यावरचे, चार माणसांनी उचलून हलवता येईल असे खुराडेच अशा जागी बरे. फ्लॅटमध्ये मामला आणखी अवघड आहे. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याने गच्ची सामाईक ठरते, सहकारी सोसायटीच्या उपविधींमध्ये इतर सभासदांना त्रास न देण्याची अट असते. गच्चीवर पिंजरा ठेवण्याआधी सभेत लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार कार्यकारिणी बदलली की विरून जातो.

तक्रार झालीच तर ती झोन कार्यालयात किंवा महापालिकेच्या उपद्रव शोध पथकाकडे जाते. सार्वजनिक उपद्रव वाटला तर कार्यकारी दंडाधिकारी तो हटवण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली होत असे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली होते.

आवाजाची मोजणी मात्र २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणली. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कोंबडा पहाटे चारलाच सुरू होतो. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, त्याच्याशिवायही कोंबडी अंडी देते. फक्त त्यातून पिल्ले निघत नाहीत. अडचण अशी की गावरान किंवा वनराजा या सुधारित जातीची पिल्ले नर-मादी न निवडता मिळतात आणि त्यात निम्मे नर निघतात. आठ-दहा आठवड्यांत तुऱ्यावरून नर ओळखू येतात. ते आरवू लागण्याआधीच, म्हणजे चार महिन्यांच्या आत, त्यांची सोय लावावी. दाट वस्तीत यापेक्षा मोठा उपाय नाही.

वासाचे भांडण नागपुरात पावसाळ्याइतकेच उन्हाळ्यातही पेटते, आणि त्याचे कारण कूलर आहे. एप्रिल-मेमध्ये शेजारच्या खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून थेट खोलीत सोडतो. खुराडे त्या बाजूला असले तर वास त्यांच्या पलंगापर्यंत जातो. म्हणून जागा ठरवताना आधी आसपासच्या कूलरच्या खिडक्या मोजाव्यात, मग सावली बघावी.

सहा कोंबड्यांना आत दरडोई किमान दोन, म्हणजे १२ चौरस फूट जागा लागते. चार बाय चारचे खुराडे पुरते. बाहेर फिरायला दरडोई ८ ते १० चौरस फूट मिळाले तर त्या एकमेकींची पिसे उपटत नाहीत. खुराडे लांबट असेल तर लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, ऊन आत कमी येते. जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घ्यावी. षटकोनी कोंबडीजाळी मुंगूस आणि घूस फाडतात. तीच जाळी एक फूट जमिनीत गाडावी. खाली भाताच्या तुसाचा तीन-चार इंच थर द्यावा. भंडारा-गोंदियाच्या राइस मिल जवळ असल्याने तूस इथे सहज मिळते. मूठभर तूस दाबून बघावे. गोळा झाला तर ते ओले आहे, आणि अमोनियाचा उग्र वास तिथूनच येतो. अशा ओल्या थरावर चुना टाकण्याची सवय चुकीची आहे, चुन्याने अमोनिया उलट जास्त सुटतो. ओला भाग काढावा, कोरडे तूस घालावे, दर दोन-तीन दिवसांनी उलटपालट करावी. बसण्याच्या दांड्याखालची शीट दोन दिवसांआड उचलावी. उन्हाळ्यात माशीची पिढी सात ते दहा दिवसांत तयार होते, आठवडाभर शीट साचली की माश्यांचे भांडण ठरलेलेच.

पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याखाली कोंबडी धापा टाकते. धापेत कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्तातला समतोल बिघडतो आणि अंड्याचे कवच पातळ होते. छतावर तणीस घालावे, बाजूंना ओली पोती लावावीत, खाद्य सकाळी नऊच्या आत आणि सूर्यास्तानंतर द्यावे. मोठ्या कोंबडीला रोज १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. एरवी पाव लिटर पाणी पुरते, मे महिन्यात त्याच्या दुप्पट ठेवावे. पहिला पाऊस पडला की पोती काढून टाकावीत, नाहीतर तूस भिजते.

रोगाची वाट सर्वात नवी आणि सर्वात कडक. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. २००९ मध्ये जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा केंद्रीय कायदा आला आणि रोगाची खबर देणे मालकाचे कर्तव्य ठरले. आजच्या कृती आराखड्यानुसार रोग सापडलेल्या जागेपासून एक किलोमीटरपर्यंतचे पाळीव पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. एक किलोमीटर म्हणजे महाल किंवा इंदोऱ्यासारख्या भागात कित्येक गल्ल्या, आणि त्यात परसातल्या दोन कोंबड्याही येतात. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्याच गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, आणि भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे निदान केले. पक्ष्यांचा हा रोग कुठवर जातो, हे शहराने तेव्हा जवळून पाहिले.

दोन दिवसांत तीन-चार कोंबड्या अचानक मेल्या, तुरा निळा पडला, डोके सुजले, तर मेलेला पक्षी कापू नये, नाल्यात किंवा कचरागाडीत टाकू नये. हातमोजे घालून पिशवीत बंद करावा आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. राणीखेत, म्हणजे मानमोडी, वरवर अगदी अशीच दिसते. फरक प्रयोगशाळेतच कळतो. मानमोडीला मात्र लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पाण्यातून तिचाच दुसरा डोस, आठव्या आठवड्यात आर-टू-बी या लसीचे इंजेक्शन. पाण्यातून देताना नळाचे पाणी तसेच वापरले तर त्यातले क्लोरीन लस मारते. लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी मिसळावी. कुपी शंभर किंवा जास्त डोसची येते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वस्तीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून ती बर्फात आणावी, आणि पुढच्या डोसची तारीख प्रत्येक खुराड्याच्या दारावर खडूने लिहावी.